ज्याची भुई त्यानं सारवायची

भागीरथीनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते पोरांची निजायची तरटं झटकायचं. बारामतीच्या बोर्डिंगच्या अंगणात, वैशाखातल्या उन्हात. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीला गावोगाव गेलेली, यायला अजून वीस दिवस होते, पण तिला दम कुठला. माझा हात जरा सैल पडला की ओरडायची, "अवो, धरलंय का निस्तं उभं ऱ्हायलाय? धूळ समदी माज्या तोंडात!" मी म्हणालो, "तोंड मिटून झटक की मग." ती हसली. सोळा तरटं झटकली, घड्या घातल्या, कोपऱ्यात रचली. त्याच संध्याकाळी तिला ताप भरला आणि चौथ्या दिवशी ती गेली. जन्मभर मी तिचं नाव घेतलं नाही, 'अगं'वरच संसार केला. आता नाव लिहितो. कोणाला काय म्हणायचं ते म्हणा.

हे निमगावात राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि निमगाव सोडून गेलेल्यांसाठीही. माझी शाळा मराठी दुसरीपर्यंत. अक्षराला हसू नका. मजकुराला हसलात तरी माझं काही जात नाही.

आम्ही गाव सोडलं सन एकतीसच्या सुमाराला. विहिरीनं तळ दाखवला. वावर एकाच घराला पुरेल एवढं, धाकट्या भावाला, किसनला, चार लेकरं आणि आम्हाला एकही नाही. मग कोणी उठायचं हे कोणी सांगायला लागलं नाही. आई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "जावा, पर ध्येनात ठेवा. भाईर गेलेल्याला दोन्ही घरं पावणाच म्हणत्यात." आईचं सगळं मी खरं मानलं, एवढं एक सोडून.

बारामती म्हणजे काही विलायत नाही. बैलगाडीनं एका दिवसाची वाट. पण आमच्याकडं पाण्याला घागर घेऊन कोस कोस जायचं, आणि हितं कालवा भरून वाहतोय, ऊस माणसाच्या डोक्यावर गेलाय, दौंडची गाडी शिट्टी मारतेय. बोर्डिंगमध्ये आसपासच्या गावांतली शेतकऱ्यांची, दुकानदारांची पोरं इंग्रजी शाळेसाठी राहायची. भागीरथीनं भाकरी-कालवण करायचं. मी पाणी, लाकडं, झाडलोट. पोरं आम्हाला मामा-मामी म्हणायची. राहायला स्वैपाकघराचा एक कोपरा. पहिले चार दिवस ती जेवली नाही. पोरांना वाढायची आणि आपण पाणी पिऊन निजायची. पाचव्या दिवशी तिनं शेण-माती कालवून तो कोपरा आपल्या हातानं सारवला आणि दुपारी दीड भाकरी खाल्ली. मी विचारलं, आज कशी भूक लागली? म्हणाली, "परक्याच्या भुईवर घास उतरतो व्हय? आता ही माजी हाय."

मला ते तेव्हा कळलं नाही. पहिली लांब सुट्टी संपत आली तेव्हा मी एक शहाणपणा केला. पोरं दमून येतील, त्यांना आयतं मिळावं, म्हणून त्यांच्या निजायच्या सोळाच्या सोळा जागा मीच सारवून ठेवल्या. भुई अशी केली की पीठ सांडलं तर भरून घ्यावं. पोरं आली आणि त्या भुईवर अंग चोरून निजली. कांबळ्याखाली मुसमुस. दुसऱ्या दिवशी भाकरी नुसती चिवडली. तिसऱ्या दिवशी दोघं इंदापूरच्या वाटेला लागलेले, पायी. भागीरथी माझ्यावरच तुटून पडली. "त्यास्नी पावणं केलंत तुमी! त्यांची भुई तुमी का सारवली?"

तिथून पुढं तिनं पद्धत पाडली. सुट्टीवरून पोरगं आलं की गाठोडं खुंटीला आणि हात शेणात. आपली जागा आपण सारवायची, वाळेपर्यंत कोणाला पाय ठेवू द्यायचा नाही. रडू नको असं तिनं कोणालाच सांगितलं नाही. "रडायचं तर रड बाबा, पर हात चालव," एवढंच. त्यानंतर पळालेलं एकही पोरगं मला आठवत नाही.

औंदा तिचा तेरावा झाला आणि दोघंजण माझ्या मागं लागले. एक बोर्डिंगचे मास्तर. माणूस वाईट नाही, पण छापील. म्हणाले, "तात्या, मामी गेल्या, आता तो प्रकारही पुरे. मुलं शिकायला येतात, शेण कालवायला नाही. मी बाया लावून सगळं सारवून घेतलंय. फाटकाला कुलूप घालू, म्हणजे कोणी पळणार नाही. आणि तुम्ही एकटे राहून करणार काय? भाकरी कोण थापणार?" दुसरा माझा किसन, गाडी जुंपूनच आलेला. "दादा, चला घरी. हितं आता तुमचं कोन हाय?" मी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं माझी वळकटी गाडीत टाकलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. त्याच दुपारी पोरं आली. दारात थबकली. भुई चकचकीत, चूल थंड. एकानं विचारलं, "मामा, मामी कुठंय?" मी म्हणालो, "गेली." पोरं भिंतीला टेकून, गाठोडी मांडीवर घेऊन बसली, फलाटावर गाडीची वाट बघावी तशी.

ते बसणं मला बघवेना. मी कुदळ आणली आणि दारापासून भुई उकरायला लागलो.

मास्तर धावत आले. "अहो तात्या, डोकं फिरलं काय!"

"फिरलं. बाजूला व्हा, पायाला लागंल."

सोळा जागा उकरल्या. घामानं डोळे चुरचुरले, नुसत्या घामानंच असं म्हणत नाही. मग म्हणालो, "शेण गोठ्यात हाय, माती कालव्याच्या कडंची आणा. आपापली भुई धरा." पोरं उठली. सुप्याचा युसूफ तेवढा उभाच. बापाचं किराणा दुकान, पोरगं या वर्षी नवीन. "मामा, आमच्याकडं फरशी हाय. मला न्हाय येत."

एक जुना पोरगा म्हणाला, "मग तराजूत तोलून लाव की, छटाक छटाक!"

पोरं हसली. त्या दिवसातलं पहिलं हसणं. युसूफनं कोपरापर्यंत हात घातले. त्याची जागा म्हशीच्या पाठीसारखी खालीवर झाली. तोच जुना पोरगा नीट करून द्यायला वाकला, तर युसूफ ओरडला, "हात लावू नगंस, माजी हाय!"

मास्तरांच्या हातात कुलूप होतं. ते हळूच म्हणाले, "आणि उद्याची भाकरी?" मी म्हणालो, "उद्याचं उद्या." किसन गाडीपाशी बैलांना वैरण टाकत होता. तिथूनच म्हणाला, "उजाडायला निघायचं हाय, ध्येनात ऱ्हाऊ द्या."

किसन, आणि निमगावकरांनो, तुम्ही मायेनं बोलावता ते मला कळतं. पण तिथं मला बाजेवर बसवाल, चहा हातात द्याल आणि म्हणाल, दादा, तुमी काय करू नका. जिथं माणसाला काही करू देत नाहीत ते त्याचं घर कसलं? तिची राख हितल्या कऱ्हा नदीत गेली. माझीही हितंच जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली आणि परातीपुढं बसलो. उभ्या जन्मात भाकरी थापली नव्हती. पहिली उचलतानाच फाटली. दुसरी तव्याला चिकटली. तिसरीला चार कोपरे आले. किसन दारात येऊन उभा राहिला. "दादा, गडीमानूस चुलीपुढं? गावात काय सांगू?"

"हेच सांग."

बाहेर पोरं ओळीनं बसली होती, सोळाच्या सोळा. मास्तरांनी ती दोनदा मोजली, कुलूप खिशात टाकलं आणि ओळीच्या शेवटाला ताट घेऊन बसले. किसननं परातीशेजारचा फाटका तुकडा उचलून तोंडात टाकला.

"जाड झालीया," तो म्हणाला.

"व्हय. खायची तर खा."

त्यानं खाल्ली. आणखी एक मागून घेतली. मग बाहेर गेला आणि माझी वळकटी गाडीतून उतरवून ओट्यावर ठेवली. परातीत अजून निम्मं पीठ होतं. मी हाताला पाणी लावलं आणि पुढचा गोळा घेतला.