उभ्या गाडीचा काटा

जुना ट्रक घेतला तेव्हा चाकणला कंपनीच्या गेटबाहेरच्या रांगेत मी ॲक्सिलेटरवरचा पाय काढतच नसे. पाय काढला की ऑइल प्रेशरचा काटा खाली यायचा; इंजिन गेलं, असं मला वाटायचं. इंजिन खोलायचं मी ठरवूनच टाकलं होतं.

एकदा मागच्या पाण्याच्या टँकरचा म्हातारा ड्रायव्हर उतरून आला. खांद्यावर टॉवेल, कानावर बिडी.

"उभ्या गाडीला कशापायी रेस देतोय रं?"

मी काटा दाखवला. तो न विचारताच शेजारी चढून बसला. "चल, चौकापोतर जाऊन येऊ."

"नंबर जाईल ना, बाबा."

"माझा बी जाईल की."

रस्त्याला लागताच काटा सरसर वर चढला. त्याने काट्याच्या काचेवरची धूळ टॉवेलने पुसली, एखाद्या पोराचं तोंड पुसावं तशी.

"इंजान तापलं आन् गाडी उभी ऱ्हायली, की काटा थोडा बसायचाच. बसल्या माणसाची छाती पळणाऱ्यावानी धडधडती व्हय? गाडी पळताना काटा पडला, तर मातुर इंजान जागीच बंद कर."

परतलो तेव्हा त्याच्या टँकरला वळसा घालून सगळ्या गाड्या पुढे गेल्या होत्या. तो हसला आणि त्याने बिडी पेटवली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

इंजिन अजून खोललेलं नाही. परवा रांगेत मागचा ट्रकवाला उभ्या गाडीला रेस देत होता. माझा नंबर आलाच होता. मी उतरलो आणि त्याच्या दाराशी गेलो.