'खराब' शेरा मारलेली एक्केचाळीस गाणी

मी बाइंडर आहे. शिवण, पुठ्ठा, खळ आणि हातोडी एवढंच माझं जग, गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. तरीही सतरा गाणी मी माझ्या हातांनी फोडली. त्याला आता वर्ष होऊन गेलं, पण आठवलं की अजून दरदरून घाम फुटतो. ती फोडायला सांगणारे होते माझे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, आणि त्यांच्याइतकी गाण्याची पारख गावात दुसऱ्या कुणाला नव्हती. हेच तर मला गिळवत नाही.

आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर संगीताची खोली आहे. भाऊजींनी ती तीस वर्षं सांभाळली. साडेनऊ हजार तबकड्या, दोन प्लेअर, एक डुगडुगतं टेबल आणि भाऊजी. सगळे त्यांना 'कान' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. स्वतःच्या लग्नात त्यांनी बँड थांबवून क्लॅरिनेटवाल्याला सूर लावून दिला होता. आम्ही सगळे वधूपक्षाचे लोक तोंडात बोटं घालून बघत राहिलो. घरी ताईने कढईवर उलथनं आपटलं तरी यांचं आपलं, "अगं, जरा खालच्या पट्टीत!" अशा माणसाबरोबर ताईने संसार केला, तिचं एकदा कुणीतरी कौतुक करायला हवं.

आमच्याकडचा एक नियम सांगायला हवा. तबकडी बिघडली की भाऊजी पाकिटावर लाल पेन्सिलीने 'खराब' लिहायचे, आणि शनिवारी मी ती फोडायचो. ग्रंथालयाचा शिक्का असलेला बिघडलेला माल बाहेर जाऊ नये म्हणून. फोडण्याचं काम माझ्याकडे, कारण हातोडी माझ्याकडे. फोडण्याआधी कुणी वाजवून बघायचं नाही. कानांनी खराब म्हटल्यावर तपासणार कोण?

ग्रंथालयाला शंभर वर्षं झाली तेव्हा समितीने ठरवलं की ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हापासून आजपर्यंतची, प्रत्येकाला माहीत असायलाच हवीत अशी शंभर गाणी निवडायची, त्यांचा संच करायचा आणि प्रत्येक शाळेला पाठवायचा. निवड भाऊजींकडे आली. दोन महिने ते हवेत होते. जो तो आपली यादी घेऊन यायचा आणि पडक्या चेहऱ्याने जिना उतरायचा.

"नुसतं चांगलं असून भागत नाही," ते मला म्हणाले. "हे ऐकलं नाही तर माणूस थोडा अडाणी राहिला, असं वाटलं पाहिजे."

त्यांच्या यादीत खाणकामगारांचं एक गाणं होतं, ज्याची भाषा आता कुणालाच कळत नाही. एक अंगाईगीत होतं. एका आंधळ्या फिडलवाल्याचं चार मिनिटांचं वादन होतं. आणि एक अगदी उडाणटप्पू नाचाचं गाणं. मी म्हटलं, "भाऊजी, हे पण?"

"मेहुणे, ज्यावर अख्खं शहर नाचलं ते गाळायचा मला काय अधिकार?"

यादी झाली. उरलं होतं ते एवढंच की नक्कल करण्याआधी प्रत्येक तबकडी एकदा ऐकायची. एका सोमवारी त्यांनी सुरुवात केली. आदल्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं आणि हातातून चहाचा कप निसटला होता, हे ताईने नंतर सांगितलं. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. कप काय, कुणाच्याही हातून पडतो.

त्या आठवड्यात माझ्याकडे सतरा तबकड्या आल्या. "दमट हवेने वाट लावली," भाऊजी चिडून म्हणाले. "नेमकी माझ्या यादीतली गाणी! सुई बदलली, तरी तेच." मी शनिवारी अंगणात बसून त्या फोडल्या. मध्ये एकाशी क्रिकेटच्या गप्पाही मारल्या, हे सांगायला लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात आणखी चोवीस आल्या. आता भाऊजींना यंत्राचा संशय आला आणि त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. मी खोकं उचलायला वर गेलो होतो. मेकॅनिकने प्लेअर उघडला, पुसला, बंद केला. "मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि माझ्या खोक्यातली वरचीच तबकडी त्याने लावली. फोडायचीच आहे, ओरखडा पडला तरी बिघडत नाही, असा त्याचा हिशेब.

अंगाईगीत होतं. स्वच्छ. बाई शेजारी बसून गातेय इतकं स्वच्छ.

"बघा!" भाऊजी म्हणाले. "ऐकलंत? नुसता खडखडाट."

मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. त्याला वाटलं चेष्टा चाललीय. त्याने दुसरी लावली, तिसरी लावली. सगळ्या गात होत्या.

"तुम्हाला गाणं ऐकू येतंय?" भाऊजींनी अगदी हळू विचारलं.

"येतंय ना, साहेब. छान गातेय बाई."

भाऊजी स्टुलावर बसले. चेहरा पांढराफटक. त्यांनी फिरणाऱ्या तबकडीवरून सुई उचलली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मेहुणे, गेल्या शनिवारी किती फोडल्यात?"

"सतरा," मी म्हणालो.

डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. मेंदूत एक लहानसा झटका येऊन गेला होता. बोलणं शाबूत, चालणं शाबूत, दाराची घंटा ऐकू येत होती. फक्त सूर कळायची मेंदूतली जागा गेली. असं असू शकतं यावर माझा आजही विश्वास बसत नाही. हात जावा, पाय जावा, ते समजतं. पण या माणसाचं नेमकं तेवढंच जावं? मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून शिव्या दिल्या, कुणाला ते माहीत नाही.

समितीचे सचिव भले गृहस्थ. म्हणाले, सतरा गाणी दुसरी घ्या, कोण विचारतंय? भाऊजी ताडकन उठले. "यादी बदलणार नाही. ती मी ऐकून केली आहे." मग त्यांनी आणि मी मिळून पन्नास-साठ पत्रं पाठवली. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या दुकानात अशा करत तेरा गाण्यांच्या प्रती मिळाल्या. चार गाण्यांच्या कुठेच नव्हत्या. जगात होती ती एकेकच प्रत आणि ती माझ्या हातोडीखाली आली. मी जेवण सोडलं होतं.

तेव्हा ताई म्हणाली, "ती चार मला येतात."

मी आणि भाऊजी दोघेही आ वासून बघत राहिलो. आमची ताई? जिच्या तोंडून आयुष्यात एक ओळ ऐकली नाही?

"गात नाही मी," ती फणकारली. "पण तीस वर्षं रोज संध्याकाळी मी भाजी चिरताना तुम्ही माझ्या कानाशी म्हणत होतात. जाणार कुठे? आणि तुमच्यासमोर गायची कुणाची हिंमत होती हो?"

भाऊजींनी उठून संगीताच्या खोलीची किल्ली घेतली.

संगीताच्या खोलीत आम्ही खिडक्या लावून घेतल्या. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. ताईने पदर खोचला, जसं काही पाटा-वरवंट्याला बसतेय, आणि खाणकामगारांचं गाणं सुरू केलं. आवाज जाडाभरडा, पण अंगावर काटा आला. दुसऱ्या ओळीनंतर ती अडखळली.

"अहो, इथे वर जायचं की खाली?"

उभ्या गावाचे सूर दुरुस्त करणाऱ्या माणसाने नकारार्थी मान हलवली.

"मला नाही सांगता येणार," ते म्हणाले.

"मग? थांबू?"

"तू गातेस आणि मला तबकड्या फुटल्यासारखं ऐकू येतंय." ते म्हणाले. "पण तुला जसं आठवतंय तसं गा. तेच बरोबर."

ताईने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भाऊजी स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले, आणि चारही गाणी संपेपर्यंत जागचे हलले नाहीत.