शुभाताईंची पत्रं

सत्त्याण्णव साली तळेगाव ढमढेऱ्यात सुलक्षणाच्या घराची रस्त्याकडची भिंत एका कंपनीने रंगवून घेतली. दुधात घालायच्या ताकदीच्या पावडरची जाहिरात. पिवळ्या रंगावर ठसठशीत कुंकू लावलेली हसरी बाई, शेजारी 'मुलांविषयी काहीही विचारा, शुभाताईंना लिहा' आणि मुंबईचा पत्ता. मोबदला म्हणून पावडरचे दोन डबे मिळाले.

"आन् गोवऱ्या कुठं थापायच्या आता?" सासू आक्काबाई कुरकुरल्या.

सुलक्षणा सातवी शिकलेली. नऊ वर्षांच्या मोनालीचा एक गुडघा सुजला, तो उतरतोय तोवर दुसरा धरला, तेव्हा तिने पोस्टकार्डावर बारीक अक्षरात सगळं लिहिलं. आधी घसा, मग ताप, आता गुडघे. पंधरा दिवसांत पाकीट आलं. 'प्रिय भगिनी, पत्र वाचून तुमच्या बाळाची काळजी वाटली. वाढत्या वयात हातपाय दुखतात. घाबरू नका. रोज दोन वेळा दोन चमचे द्या. तुमची शुभाताई.' खाली निळ्या शाईत सही.

नवरा, नवनाथ, कुरकुंभच्या कारखान्यात कामाला. आठवड्याने घरी यायचा. तो म्हणाला, "शिरूरला डॉक्टरला दाखव की."

"ताईंनी सांगितलंय, वाढीचं दुखणं हाय."

"कोणच्या ताई?"

तिने भिंतीकडे बोट केलं. नवनाथ हसला, पण मुंबईचा छापील कागद वाचल्यावर त्याने शिरूरचं पुन्हा काढलं नाही.

गुडघे खरोखरच बरे झाले. सुलक्षणाने आभाराचं कार्ड टाकलं. त्या भिंतीला ती कुणाला पाठसुद्धा टेकू देत नसे. मग महिन्या-दीड महिन्यात मोनालीला दम लागू लागला. शाळेतून येताना पोर तीनदा रस्त्याकडेला बसायची. सुलक्षणाने पुन्हा लिहिलं, आणि डॉक्टरला दाखवायचं ताईंच्या उत्तरावर ठेवलं. तीन आठवडे वाट पाहिली.

उत्तर आलं त्या दिवशी शेजारच्या सिंधूबाई विरजण मागायला आल्या होत्या. सुलक्षणाने त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'पत्र वाचून तुमच्या बाळाची काळजी वाटली. वाढत्या वयात...'

"आगं, हे तर माझ्याकडं बी हाय," सिंधूबाई म्हणाल्या. "म्या डब्याची दोन झाकणं धाडलीवती, स्टीलच्या वाटीसाठी. वाटीसंगं आलतं. पोस्टमननं वाचून दाखवलंवतं."

"तुम्ही काय लिवलं होतं?"

"मला कुठं लिवाया येतं? आन् माझ्या घरात बाळ कुठलं? पावडर आमचं म्हातारं खातंय."

त्या जाऊन कागद घेऊन आल्या. सुलक्षणाने तिन्ही पत्रं ओट्यावर शेजारी शेजारी मांडली. सही एकच. 'शुभा'तल्या भच्या पोटातला शाईचा ठिपकासुद्धा तिन्हीकडे त्याच जागी.

दुसऱ्या दिवशी ती मोनालीला घेऊन जीपने शिरूरला गेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "सांध्यांच्या तापाने हृदयाच्या झडपेवर परिणाम झालाय. पुण्याला न्यावं लागेल. गुडघे सुजले तेव्हाच आणायचं होतं. कुणाला विचारलं नाही का?"

"इचारलं होतं," सुलक्षणा म्हणाली. कुणाला, ते तिला सांगवेना.

घरी आल्यावर तिने शेणाची पाटी उचलली आणि भिंतीपुढे उभी राहिली. पहिली गोवरी तिने नेमकी त्या हसऱ्या तोंडावर थापली.

"आई, ताईंच्या तोंडावर?" ओट्यावरून मोनालीने धापा टाकत विचारलं.

"तिथं कुणी न्हाई, बाळा," सुलक्षणा म्हणाली आणि दुसरा गोळा हातात घेतला.