जहाजाची टोपली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. ती गेली, त्या शेवटच्या आठवड्यात तिच्या उशाशी बसून होतो, तेव्हाही नाही. मुलांना तर नाहीच. आणि आता लिहायला बसलोय ते मराठीत. का, ते आधीच सांगून टाकतो. छप्पन साली आमचं बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, शाळा-कचेऱ्या सगळ्या हिंदीत गेल्या. माझी मुलं घरात ‘मले-तुले’ बोलतात, पण मराठीचं पान समोर ठेवलं की दोन ओळींत जांभई देतात. म्हणजे हा कागद उद्या त्यांच्या हाती लागला तरी ते वाचायचे नाहीत. बघा — कबूल करायला बसलो तेसुद्धा आडोसा धरून! असा माणूस आहे मी. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

मी खाणीत डिस्पॅच बाबू होतो. शहराजवळचीच मॅंगनीजची खाण. डोंगर फोडून काळा दगड निघायचा, आणि दीड-दोनशे बाया हातोडी घेऊन उन्हात बसून तो बिनायच्या. चांगला इकडे, भुरकट तिकडे. आमच्या लहान गाडीच्या डब्यांत तो भरायचा, गोंदियाला मोठ्या गाडीत बदली व्हायचा आणि पुढे जायचा. कुठे जायचा? हे सगळ्या खाणीत ज्या दोन-चार माणसांना पक्कं ठाऊक होतं त्यांतला मी एक. कारण प्रत्येक खेपेच्या कागदावर जाण्याचं ठिकाण मीच लिहीत होतो. उतरता माल आपल्या देशातल्या पोलाद कारखान्यांना जायचा. उत्तम माल, निवडक, जड, चकाकणारा — तो बंदरावर. तिथून परदेशी.

बासष्टची लढाई आपण हरलो. तुम्हाला आठवत असेल नसेल, पण त्या वेळी हवाच तशी होती. विमानं एकाकडून मागा, जहाजं दुसऱ्याकडून विकत आणा, असं किती दिवस चालायचं? आता आपली विमानं आपण बनवू, आपली लढाऊ जहाजं आपण बांधू — वर्तमानपत्रं त्यानं भरलेली असायची. खोटं नव्हतं ते. मुंबईच्या गोदीत खरोखर तयारी चालली होती. वाचून माझीही छाती भरून यायची. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा पहिल्यापासून लबाड. पहिल्यापासून नव्हतो.

मॅनेजरसाहेबांना माल वाढवून हवा होता. मला त्यांनी बोलावलं, कारण गणपतीत माझी भाषणं गाजायची. जिभेला काय, हाड नसतं. एका उपड्या डब्यावर उभा राहिलो आणि त्या बायांना म्हणालो — तुम्ही बिनता त्या दगडाशिवाय पोलाद कच्चं राहतं. तुमच्या दगडाचं पोलाद होईल, पोलादाचं जहाज होईल, आपल्या देशात बांधलेलं, आपलं! म्हणून रोज भोंगा झाल्यावर प्रत्येकीनं एक टोपली जास्तीची भरायची. हजेरीत न लिहिलेली. देशासाठी. सर्वांत चांगला, निवडक दगड तीत टाकायचा.

निवडक दगड! म्हणजे नेमका तोच, जो बंदरावर जायचा होता.

बायांनी तिला नाव दिलं — जहाजाची टोपली. मला वाटलं होतं, आठ-पंधरा दिवस चालेल. किती वर्षं चालली असेल, सांगा? नऊ. कुणी थांबवा म्हटलं नाही, म्हणून चाललीच. उन्हातान्हात आठ तास बसलेल्या, पाठीला पोर बांधलेल्या बाया भोंगा झाल्यावर आणखी अर्धा तास बसायच्या, आणि मला बढती मिळाली, पत्र्याच्या खोलीतून पक्क्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. वा रे वा देशसेवा!

त्या बायांत भागरताबाई होती. तिचीच ही गोष्ट आहे. इतका वेळ मी तिच्या नावाशी यायचं टाळत होतो.

भंडाऱ्याकडची, बौद्धांच्या मोहल्ल्यात राहायची. नवरा खाणीतच गेलेला, एकुलता पोरगा वामन. दगड ओळखण्यात तिचा हात धरणारी कुणी नव्हती. हातोडीचा एक ठोका मारायची, कान देऊन ऐकायची आणि सांगायची, हा पक्का, हा पोटातून सडला हाये. जहाजाच्या टोपलीची थट्टा करणाऱ्या बायाही होत्या. ‘बाबूच्या सासऱ्याचं जहाज हाये काव?’ असं मला ऐकू येईल असं म्हणायच्या. भागरताबाई थट्टा करायची नाही. दिवसभर एखादा चांगला दगड सापडला की पदरात बांधून ठेवायची आणि संध्याकाळी त्या टोपलीत सर्वांत वर ठेवायची. तिनं माझं खरं मानलं होतं.

आणि पोरानंही मानलं. वामन मॅट्रिक झाला आणि नौदलात भरती झाला. ‘मायच्या जहाजावर जाऊन राह्यलो,’ असं साऱ्या मोहल्ल्यात सांगून गेला. मी स्टेशनवर त्याच्या गळ्यात हार घातला. हौ, मीच घातला.

त्याची पत्रं हिंदीत यायची. बाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून पत्र घेऊन ती माझ्याकडे यायची. जेवणाच्या सुट्टीत, बिनणीच्या जागी, सगळ्या बाया भोवती बसून ऐकायच्या. त्याला जहाज मिळालं तेव्हाचं पत्र मी असंच फोडलं, वाचायला लागलो, आणि मधेच माझी नजर पुढच्या ओळीवर गेली. त्यात लिहिलं होतं — आई, हे जहाज आपलं नाही. विलायतेत बांधून, विकत घेऊन आणलेलं आहे. आत एक पितळी पट्टी आहे, तिच्यावर तिथल्या गोदीचं नाव आहे. तुझा दगड ह्यात लागलेला नाही. आपलं स्वतःचं मुंबईत बनतंय, ते तयार झालं की मी त्याच्यावर बदली मागीन.

पन्नास-साठ बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. प्रत्येकीजवळ ती टोपली.

मी वाचलं — आई, हे तुझ्याच दगडाचं जहाज आहे.

काय ओरडल्या त्या! कुणी टाळ्या पिटल्या. एकीनं भागरताबाईच्या काळ्या हातांची मूठ धरून वर केली. आणि भागरताबाई — ती रडायला लागली, हसता हसता. त्या संध्याकाळी कितीतरी जणींनी दोन-दोन टोपल्या भरल्या.

वामन रजेवर आला तेव्हा मी त्याला घरी पोचण्याआधी स्टेशनवरच गाठलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. म्हटलं, ‘बाबा रे, मायले ते पितळी पट्टीचं सांगू नको. तिचं मन मोडन.’ मनच मोडणार होतं तिचं! मोडणार होती ती माझी अब्रू. पोरगा भला. हसला आणि म्हणाला, ‘नाई सांगत, बाबू. नवीन जहाज आलं का मंग खरंच होऊन जाईन.’ महिनाभर राहिला, आईजवळ त्या पट्टीबद्दल एक अक्षर बोलला नाही. मायेपोटी गप्प राहिला तो. त्याचं आणि माझं गप्प राहणं एक नव्हे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात त्याचं जहाज बुडालं. शत्रूच्या पाणबुडीनं मारलं. तार इंग्रजीत आली, ती मीच वाचून दाखवली. तिच्या पोराचे जेवढे कागद मी वाचले, त्यांतला हा एक कागद तेवढा मनात कसलाही हिशेब न ठेवता वाचला. बाई रडली नाही. बाया तिला धरून घरी घेऊन गेल्या.

आता येतं ते, जे सांगायला बसलोय. सहा-सात दिवसांनी ती ऑफिसात आली. दुपारची वेळ, मी एकटाच होतो. खुर्ची दिली तर बसली नाही, जमिनीवर बसली. म्हणाली, वामन दहावीला होता तेव्हा एकदा मला हिवताप भरला होता. अंग थरथरत होतं. त्या दिवशी जहाजाच्या टोपलीत दोन भुरकट दगड मी ठोकून न बघताच टाकले. घरी जायची घाई होती. मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं —

‘बाबू, माहा दगड कच्चा निघाला काय? त्याच ठिकाणी जहाज फुटलं असन काय?’

तुम्ही हसाल कदाचित. अडाणी बाई, म्हणाल. पण तिला हे कोणी शिकवलं होतं? डब्यावर उभं राहून कोण ओरडलं होतं, की तुमच्या दगडाशिवाय पोलाद कच्चं राहतं? कच्च्या दगडाचं कच्चं पोलाद, कच्च्या पोलादाचं फुटकं जहाज, आणि त्यात आपलाच पोरगा. माझंच भाषण तिनं शेवटपर्यंत नेलं होतं. एवढंच.

मी काय सांगायला हवं होतं? एक वाक्य. बाई, त्या जहाजात तुझा दगड नव्हताच. वामननं स्वतः लिहिलं होतं. बस. तिनं माझ्या तोंडावर थुंकलं असतं, बाहेर जाऊन बायांना सांगितलं असतं, टोपल्या माझ्या दारात आणून ओतल्या असत्या त्यांनी. क्वार्टर गेलं असतं, गणपतीतलं भाषण गेलं असतं. पण ती सुटली असती.

मी म्हणालो, ‘असं कोण सांगू शकते, बाई?’

नकाराची मुकी मान हलवली असती तरी चाललं असतं हो. नाही म्हटलं असतं तरी. साफ ‘नाही’ म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं, कारण नाही म्हटलं की तिनं विचारलं असतं — तुमाले कसं मालूम? म्हणून मी मधलं वाक्य बोललो, जे ऐकायला शहाण्यासारखं वाटतं.

आणि एवढ्यावर थांबलो नाही. वामनची पत्रं तिच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात होती. शेजारच्या एखाद्या शाळकरी पोरीनं जरी उघडून वाचली असती तर? मी तिला म्हटलं, पेन्शनच्या कागदांना पत्रं लागतील, आणून दे. तिनं डबाच आणून दिला. त्यातलं ते एक पत्र काढून घेतलं, बाकीची परत दिली. घरी नेऊन चुलीत घातलं. बायकोनं विचारलं, काय जाळून राह्यले? म्हटलं, जुनी पावती. त्या कागदावर तिच्या पोराचं अक्षर होतं. ते तिला वाचता येत नव्हतं, पण ती त्याच्यावरून हात फिरवायची, हे मी पाहिलेलं होतं.

पुढची पाच वर्षं ती कामावर येत राहिली. प्रत्येक दगड तीन-तीनदा ठोकायची. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, पुन्हा कानाशी धरून. तिचा माल निम्म्यावर आला. मुकादम तिच्या अंगावर ओरडायचा. पुढे युनियनवाल्यांनी जास्तीची टोपली बंद पाडली, तरी ही सोडीना. दुसऱ्या बायांच्या साध्या टोपल्यांतले दगड काढून ठोकायला लागली. त्या चिडायच्या, टोपली ओढून घ्यायच्या, आणि ही हात जोडून म्हणायची, ‘कच्चा टाकू नका व बायाहो, कोनाचं पोर जाईन.’ पोरीबाळी तिची नक्कल करायच्या. मी खिडकीतून बघत होतो. माझ्या टेबलापासून ती जागा वीस पावलांवर होती.

रस्त्यात भेटली की थांबायची. माझ्यावर तिचा राग नव्हता, हे सर्वांत वाईट. उलट म्हणायची, ‘तुमी होते म्हणून पोराचं पत्र आयकाले भेटलं, बाबू.’ मी हूं म्हणून पुढे जायचो. कधी कधी लांबून दिसली की मीच बोळातून वळायचो.

शेवटी खोकल्यानं अंथरूण धरलं तिनं. मी भेटायला गेलो. लोक म्हणाले, बाबू किती चांगले, आपल्या बायांना विसरत नाहीत. तिला नीट ऐकू येत होतं, शुद्ध होती, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तिनं पुन्हा तेच विचारलं. ते दोन दगड. हिवतापाचा दिवस. मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं आणि म्हटलं, आराम कर.

दोन दिवसांनी ती गेली. आपला दगड कच्चा होता असं समजूनच गेली.