सातची सही

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. पन्नाशीनंतर हे धाडस करते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण आमच्या घरात शिरताच फोन उताणा करून बाबांच्या औषधांच्या डब्यावर ठेवणारी आणि मगच हात धुणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ती वसईची. आम्ही दुबईत; ती शेजारच्या अजमानला, तिथे एका खोलीत सहाजणी राहत. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वडिलांची शुश्रूषा ती करी. तिला घरोघरी पाठवणारी कंपनी बोलावील तेवढेच तास तिचे काम, तेवढाच पगार. फोन आला नाही तर तो दिवस कोरडा.

बाबा रोज विचारत, "उद्या येणार ना गं?"

"बोलावलं तर येईन, बाबा."

"इन्शाल्ला म्हण!"

"इन्शाल्ला देवावर असतं. माझं कंपनीवर आहे."

दाढी करताना ती त्यांना दटावी, "नवरदेव, हलू नका!" बाबा लाजत.

तिची वेळ आठपर्यंत. पण दुबईहून अजमानकडे जाणाऱ्या रस्त्यावरची संध्याकाळची कोंडी मला ठाऊक होती. मी सातलाच म्हणे, "निघा आता, बस चुकेल."

"बसते ना ताई थोडी, बाबांजवळ."

मला तो तिचा संकोच वाटे. हजेरीच्या कागदावर मी सात लिहून सही करी. आयुष्यभर शाळेत शिकवले. खोटी वेळ लिहवत नसे. ती कागदाची घडी घाली.

मग कंपनीने ही बोलावण्यावरची पद्धत मोडली. ठरलेल्या तासांचे पक्के करार होणार होते. मात्र गेल्या तीन महिन्यांत ज्यांचे तास पुरे भरले, त्यांच्याशीच. तिचे भरले नाहीत. करार नाही, म्हणजे व्हिसा नाही.

मी कंपनीत धावले. हात जोडून सांगितले, "वो रुकने को तैयार थी, मैंने ही भेजा." तिथल्या माणसाने कागद माझ्यापुढे सरकवले.

"मॅडम, साइन आपका ही है ना? खलास."

मायदेशी परतण्याआधी ती बाबांची दाढी करून गेली. मी दारात विचारले, "एकदा तरी बोलायचं होतंत!"

"तुम्ही खरं लिहीत होतात, ताई. खोटं लिहा, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

नवी बाई पक्क्या करारावर आहे. बाबांनी विचारले की ती लगेच "हो" म्हणते. बाबा तरीही औषधांच्या डब्याकडे पाहत राहतात.

माझ्या जागी तुम्ही असता, तर त्या कागदावर किती वाजले लिहिले असते?