आत्यांनी बघितलेल्या खोल्या

दवाखान्यात माझी पाळी पहाटेची लागली आणि मी रात्री कुठं झोपावं यावर आमच्या घरात पहिल्यांदा चर्चा झाली.

बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात मी डायलिसिसच्या मशीनवर काम करते. पेशंटची पहिली तुकडी सहाला येते. त्याआधी मशीन धुऊन, नळ्या जोडून सगळं तयार लागतं. घर मात्र इंदापूर तालुक्यात, कळंबला. इतकी वर्षं मी जंक्शन नावाच्या फाट्यापर्यंत स्कूटरनं आणि पुढं एसटीनं ये-जा करायची. पहाटे एसटी मिळेना, म्हणून सगळा रस्ता स्कूटरनंच जायला लागले. त्यात कारखान्यांचं गाळप सुरू झालेलं. एका पहाटे लासुर्ण्याच्या पुढं उसानं भरलेली ट्रॉली एकदम समोर आली. मागं दिवा नाही, लाल कापड नाही. ब्रेक लागला, पण स्कूटर घसरली आणि माझा गुडघा सोलवटला. संध्याकाळी घरी मालकांनी गुडघा बघितला. जेवताना म्हणाले, "तितंच एखादी खोली बघ. सुट्टीला घरी येत जा."

मुलगी पुण्याला शिकायला होती, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. मालक, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मालकांचं बोलणं संपलं तशा आत्या म्हणाल्या, "खोली बघायला मी येती."

मला जरा धास्तीच वाटली. आत्या बारामतीला जायच्या त्या डोळे दाखवायला, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला. खोली बघायला येऊन त्या काय करणार, कुठं नाक मुरडणार, काही अंदाज येईना. पण त्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच नऊवारी नेसून, पिशवीत भाकरी बांधून तयार होत्या.

पहिली खोली स्टँडच्या मागं, साड्यांच्या दुकानावर होती. एजंटनं आम्हाला वर नेलं. घरमालकानं दार उघडलं आणि आमच्या पाठीमागं जिन्यात बघितलं.

"मालक कुठायत तुमचे?"

"शेतात," मी म्हणाले.

"मग राहणार कोण?"

"मीच."

"एकट्या बाईला देत नाही आम्ही."

मी वळलेसुद्धा होते. आत्या जागच्या हलल्या नाहीत. "का?" त्यांनी विचारलं.

"तसा नियमच आहे आमचा."

"व्हय, पर का?"

त्यात भांडण नव्हतं. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. तो गृहस्थ गोंधळला. कोण कोण येतं-जातं, लोक बोलतात, असं काहीतरी म्हणाला. आत्यांनी नीट ऐकून घेतलं. "हिच्याकडं मी येणार, आन माझा ल्योक येणार. तुमच्याकडं कोण येतं?" त्याला हसू आलं. खोली मात्र त्यानं दिली नाही. जिना उतरताना आत्या म्हणाल्या, "त्याला सोताला ठावं न्हाय."

दुसरी जागा भिगवण रोडच्या एका नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. आत्या लिफ्टमध्ये पहिल्यांदाच बसत होत्या. वर गेल्यावर म्हणाल्या, "आणिक एकदा खाली जाऊन येऊ." एजंट निमूटपणे घेऊन गेला. तोवर मी घर बघत बसले. एक खोली आणि लहानसं स्वयंपाकघर. छताला अंधारात चमकणाऱ्या चांदण्या चिकटवलेल्या. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, एकीच्या वर एक. एक पोर इथं वीतभर वाढलं होतं आणि मग ते घर सोडून गेलं होतं. कुठं गेले असतील, चांदण्या काढून न्यायला पोरानं हट्ट केला असेल का, हेच माझ्या डोक्यात. नळाला पाणी येतं का, हे बघायचं राहूनच गेलं.

आत्या परत आल्या त्या प्रश्न घेऊनच. "हितं माणूस मेलं तर खाली कसं नेत्यात?"

"लिफ्ट आहे की, आजी."

"तेच्यात आडवं मावंना."

एजंटनं लिफ्टकडं बघितलं, मीही बघितलं. खरंच मावलं नसतं. आमच्याकडं डायलिसिसला येणारे काही जण अशाच इमारतींत राहतात. लिफ्ट बंद पडली की त्यांना खुर्चीत बसवून चौघं खाली आणतात. हे मी रोज ऐकत होते, पण घर निवडताना माझ्या मनात आलं नव्हतं. "असं कुणी विचारत नाही," एजंट म्हणाला.

"इचारावं," म्हणत आत्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि ओट्याखालची कपाटं उघडून बघू लागल्या.

दुपारी आम्ही कालव्याकडेला झाडाखाली भाकरी सोडली. ठेचा होता, कांदा होता. खाता खाता आत्यांनी विचारलं, "तुला कसली खोली पायजे?"

"जवळ पाहिजे."

"ती दवाखान्याला पायजे. तुला कसली पायजे?"

माहेरी आम्ही तिघी बहिणी एका खोलीत. शिकायला गेले तर होस्टेलवर जी कॉट रिकामी होती ती माझी. लग्नानंतर जी खोली दिली ती. कसली पाहिजे, असं मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "सकाळचं ऊन आत यावं."

"सकाळी तू कामावर. ऊन काय पालीला दावायचंय?" आत्या हसल्या. मलाही हसू आलं. मग मी खरोखरच विचार करायला लागले. दुपारी सुटून आल्यावर मला काय हवं असतं? घरी आले की चपला काढायच्या आत कुणीतरी काहीतरी मागतं. त्यात वाईट काही नाही, घर म्हटलं की हे आलंच. पण...

"दुपारी आल्यावर घटकाभर कुणी हाक मारू नये," मी म्हणाले. बोलून गेले आणि चपापले. सासूसमोर बोलायची ही गोष्ट नव्हती.

आत्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "व्हय," त्या म्हणाल्या. "ते मलाबी पायजे."

त्या कालव्याच्या पाण्याकडं बघत शांतपणे जेवत होत्या.

तिसरी खोली जळोचीच्या बाजूला, एका निवृत्त शिक्षिकेच्या घराच्या मागच्या अंगाला होती. वेगळं दार, बारीकशी मोरी, बाहेर चिकूचं झाड. बाईंनी एवढंच विचारलं, की रोज घरी का जात नाही. मी ट्रॉलीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी भिंतीची ओल, खिडकीची कडी बघत होते, तोवर आत्यांनी पिशवी उशाला घेतली आणि सरळ फरशीवर आडव्या झाल्या. डोळे मिटून पडून राहिल्या. बाई आणि मी दारात उभ्या. बाईंना वाटलं, त्यांना चक्कर आली. पाणी आणायला त्या वळल्या, इतक्यात आत्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "कुत्रं भुकतंय, पर लांब हाय. ही घे."

ती घेतली.

पहिले काही दिवस मला तिथं नवलच वाटायचं. एकटीपुरता भात किती लावायचा हे कळेना. पातेलं नेहमीएवढं भरून दोन दिवस तोच खाल्ला. दुपारी अंग टाकायचे, उठायचे, आणि पुढं काय करायचं ते सुचायचं नाही. मग मी चालायला लागले. ज्या गावात इतकी वर्षं काम केलं तिथल्या दवाखाना ते स्टँड एवढ्याच रस्त्याची मला ओळख होती. मंडईत आमच्याच भागातले पेरू, डाळिंबं दिसायची. ती कुठल्या रानातली असतील, कुणी तोडली असतील, याचा अंदाज करत मी उगाच दर विचारत फिरायचे.

तिकडं कळंबला कुजबुज झालीच. सून वेगळी निघाली का, असं कुणीतरी आत्यांना विचारलं. "बघून सांगती," असं त्यांनी उत्तर दिलं आणि एसटीनं एकट्या बारामतीला आल्या. चार दिवस राहिल्या. मी पहाटे जायचे तेव्हा झोपलेल्या असायच्या, घरी असं कधी घडलं नव्हतं. दिवसा शिक्षिकाबाईंबरोबर गप्पा मारायच्या.

तिसऱ्या दिवशी डायलिसिसच्या खोलीत मी एका पेशंटची सुई काढत होते. मान वर केली तर दाराच्या काचेतून आत्या आत बघत होत्या. बाईंना घेऊन रिक्षानं आल्या होत्या. हातातलं काम उरकून मी बाहेर गेले.

"काय झालं?"

"काय न्हाय. तू काय करती ते बघाय आली. सगळं रगत भाईर येतं व्हय?"

"थोडं थोडं येतं. मशीनमधून गाळून परत आत जातं."

"आन ते चुकलं तर?"

"चुकू द्यायचं नसतं. त्यासाठीच आम्ही असतो."

त्यांनी पुन्हा काचेला कपाळ टेकवलं. आतल्या एका म्हाताऱ्या पेशंटनं पडल्या पडल्या हात जोडले, त्यांनीही जोडले. मग म्हणाल्या, "गावात म्या सांगायची, सून दवाखान्यात हाय. कुणी इचारलं काय करती, तर मला सांगता यायचं न्हाय. मशीन पुसती का सुया देती, काय ठावं?" थांबून त्या म्हणाल्या, "इतकी वरसं इचारलंबी न्हाय."

"मीही कधी सांगितलं नाही," मी म्हणाले.

पुढं गावात त्यांनी काय सांगितलं माहीत नाही. पण कुणाच्या पायाला सूज आली, कुणाचं लघवीचं दुखणं वाढलं, की बायका आमच्या घरी यायला लागल्या आणि आत्या त्यांना माझा बारामतीचा पत्ता द्यायला लागल्या.

यंदा माझी पाळी बदलली. आता मला नऊला पोचायचं असतं. त्या वेळेला एसटी मिळते. मालक म्हणाले, "मग आता खोली सोडायची ना?"

मला उत्तर शोधायला लागलं नाही. "नको. आठवड्यातले दोन-तीन दिवस राहीन मी तिथं."

"कशाला?"

"मला आवडतं."

मालकांनी आईकडं बघितलं. आत्या शेंगा फोडत होत्या. "चिकू लागल्यात झाडाला," त्या म्हणाल्या. "बाईंचा फोन आलता. म्या सोमवारी हिच्यासंगं जाणार हाय. तुमचं तुमी बघा जेवायचं."

मग मालकांनी मला विचारलं, भात लावायला पाणी किती घालायचं.