बीएमआय नॉर्मल, कंबर साडेछत्तीस

पँट कुणामुळे बिघडली हे ठरवायला दोघं जण थेट माझ्या दवाखान्यात आले होते. सकाळचे सव्वादहा वाजलेले. बाहेर बाकावर सर्दी-तापाचे सात-आठ पेशंट ताटकळत बसलेले. आणि माझ्या टेबलावर, स्टेथोस्कोपला खेटून, एक नवी कोरी राखाडी पँट.

"मॅडम, तुम्हीच न्याय करा," हालदारबाबू म्हणाले. "बारा वर्षं माझं वजन एकसष्ट किलो आहे. तुमच्या सहीचं कार्ड आहे माझ्याकडे. वजन तेच, माणूस तोच, मग कंबर कशी वाढेल? या माणसाचा टेप आटलाय."

"टेप आटत नाही, दीदी," करीमचाचा शांतपणे म्हणाले. "लोक फुगतात."

"फुगतात? मी? माझा बीएमआय बावीस आहे!"

आता आधी थोडी ओळख करून द्यायला हवी. मी मूळची सांगलीची. नवऱ्याची बँकेतली बदली कलकत्त्याला झाली, मला इथे खिदिरपूरच्या एका सरकारी कंपनीच्या डेपोत मेडिकल ऑफिसरची नोकरी मिळाली, आणि पुढे बदल्या टाळता टाळता आम्ही इथलेच झालो. बावीस वर्षं मी त्या डेपोत काढली. डॉक्टर म्हणून काम साधंच. किरकोळ आजार, अपघात झाला तर प्रथमोपचार, आणि वर्षातून एकदा सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी, म्हणजे 'ॲन्युअल मेडिकल'. आमचं सगळं बोलणं हिंदी आणि बांगला यांच्या खिचडीत चालायचं. इथे ते मराठीत लिहिते आहे.

हालदारबाबू वजनकाट्यावर होते. डेपोच्या फाटकापाशी ट्रकसाठी मोठा काटा असतो. ट्रक आत येताना भरलेला मोजायचा, बाहेर जाताना रिकामा मोजायचा, वजाबाकी केली की मालाचं वजन. हे काम त्यांनी तीस वर्षं केलं आणि काट्यावर त्यांचा देवासारखा विश्वास. माणूस मात्र लाखात एक. डेपोत कुणाकडे बारसं असो की बारावं, हालदारबाबू आधी हजर. मला मुलगी झाली तेव्हा डमडमच्या आमच्या घरी मेट्रो आणि दोन बस बदलून ते मागूर मासा घेऊन आले होते, बाळंतिणीला ताकद येते म्हणून. आम्ही मासे खात नाही हे त्यांना कळलं तेव्हा ते इतके हळहळले की शेवटी मीच त्यांची समजूत काढली.

करीमचाचा म्हणजे मेटियाब्रुजचे ओस्तागर. खिदिरपूरच्या पुढे ही शिंप्यांची जुनी वस्ती आहे आणि तिथे मुख्य कारागिराला ओस्तागर म्हणतात. कंपनी दरवर्षी युनिफॉर्मचं कापड देई, आणि दुर्गापूजेच्या आधी चाचा टेप आणि एक जाड लाल वही घेऊन डेपोत येत. सगळ्यांची मापं तेच घेत.

आणि तिसरं पात्र म्हणजे बीएमआय. आपलं वजन किलोत घ्यायचं आणि उंची मीटरमध्ये. उंचीचा वर्ग करायचा आणि त्यानं वजनाला भागायचं. उत्तर साडेअठरा ते पंचवीसच्या आत आलं की नॉर्मल. पंचवीसच्या वर जाडी, तीसच्या वर फारच जाडी. आपल्या लोकांसाठी ही रेषा तेवीसवरच ओढावी असं आता सांगतात, पण आमचा फॉर्म जुना होता. सोपा हिशोब आहे, शिपाईसुद्धा करू शकतो. तीच त्याची लोकप्रियता आणि तीच त्याची गोची.

हालदारबाबूंनी आपलं मेडिकल कार्ड खिशातून काढलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं. उंची एकशे सहासष्ट, वजन एकसष्ट, बीएमआय बावीस पूर्णांक एक. बारा ओळी, बारा वेळा 'नॉर्मल', बारा वेळा माझी सही.

"चाचा, तुमची वही बघू," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर मला दोघांना गप्प करून पेशंट बघायचे होते. एक नजर टाकायची, 'दोन बोटं सैल करून द्या' म्हणायचं, झालं. चाचांनी हालदारबाबूंचं पान उघडलं. उर्दूत आकडे असतील असं मला वाटलं होतं, पण स्वच्छ इंग्रजी आकडे होते. एकेका वर्षाची एकेक ओळ; मी मधल्या काही ओळी सोडत वाचत गेले. कंबर एकतीस. एकतीस. बत्तीस. तेहेतीस. चौतीस. पस्तीस. आणि या वर्षी साडेछत्तीस.

"आणि हे शेजारी काय आहे?"

"मांडी, दीदी. बावीस होती. आता साडेएकोणीस. म्हणून तर पँट कमरेला घट्ट आणि खाली झोळीसारखी. यात माझा काय दोष? मी माणूस शिवत नाही, कापड शिवतो."

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. माझ्या कार्डावर बारा वर्षांत काहीच घडलं नव्हतं. शिंप्याच्या वहीत मात्र एक माणूस हळूहळू बदलत गेला होता. हातापायांचं मांस झडत होतं आणि पोटात चरबी साठत होती. एक जेवढं कमी झालं, दुसरं तेवढंच वाढलं. काट्याला बेरीज दिसते, आत काय भरलंय ते दिसत नाही. हालदारबाबूंच्या काट्यावर गोणीत तांदूळ आहे की वाळू हे थोडंच कळतं!

मी हालदारबाबूंकडे पाहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. ढगळ शर्टाआड काटकुळे हात, आणि पट्ट्यावर टेकलेलं गोल पोट. पँट ते जुन्या चालीप्रमाणे बेंबीवर घालत, म्हणजे चाचांचं माप डॉक्टरी मापाच्या जवळपास होतं. साधा नियम असा की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. त्यांची बत्तीस-तेहेतीसच्या आत हवी होती.

पोटातली ही चरबी आतड्यांभोवती, लिव्हरभोवती बसते आणि इन्सुलिनचं काम बिघडवते. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसांमध्ये हे सर्रास आढळतं. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. व्याख्यान द्या म्हटलं असतं तर तासभर दिलं असतं.

"हालदारबाबू, रात्री लघवीला उठता?"

"वयाप्रमाणे उठतो, तीन-चारदा."

"तहान?"

"कलकत्त्यात कुणाला तहान लागत नाही, मॅडम?"

"बूट काढा. मोजेही काढा."

"पँटचं भांडण आहे, बुटाचं नाही!"

"काढा म्हणते ना."

डावा मोजा निघाला. उजवा चिकटला होता. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला चार आण्याएवढी जखम, कडा पांढऱ्या, मध्ये काळसर, आणि वास. मी हात लावला तरी त्यांनी पाय हलवला नाही.

"दुखत नाही?"

"मुळीच नाही," ते अभिमानानं म्हणाले. "नवा सेफ्टी शू चावलाय. तीन आठवडे झाले. मी तुमच्याकडे आलो होतो की! तुम्ही मलम दिलं होतं."

मी केसपेपर मागवला. माझंच अक्षर होतं. 'शू बाइट. बीएमआय नॉर्मल. मधुमेहाचा इतिहास नाही.' मलमाचं नाव. सही. मोजा काढायला सांगितला होता, पण पायाला संवेदना आहे का हे तपासलं नव्हतं, आणि साखरही पाहिली नव्हती. बारीक माणूस, नॉर्मल माणूस, कशाला पाहायची?

बोटाला सुई टोचून साखर तपासली. तीनशे बेचाळीस.

"मशीन बिघडलंय," हालदारबाबू म्हणाले.

दुसऱ्या बोटातून तपासली. तीनशे एकोणचाळीस. मग तळव्याला नायलॉनचा जाड धागा टेकवला. साखरेनं नसा बधिर झाल्या असतील तर तो टोचलेला कळत नाही. त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि दहा ठिकाणी टेकवला. "टोचला की सांगा." ते वाट बघत राहिले. मी सगळे दहा ठिपके संपवले तरी ते वाटच बघत होते.

चाचांनी टेबलावरची पँट उचलली, घडी घातली आणि हालदारबाबूंच्या खांद्यावर हात ठेवला. "मी सैल करून देतो," ते म्हणाले. "पैसे नको."

"पाय जाईल का, मॅडम?" हालदारबाबूंचा आवाज एकदम लहान झाला. काट्याची केबिन एका अरुंद जिन्यावर होती. पाय गेला तर ती खुर्चीही गेली, आणि निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

"आत्ता निघालो तर नाही जाणार," मी म्हणाले. मला तशी खात्री नव्हती.

ॲम्ब्युलन्समध्ये मीही बसले. बाहेरच्या पेशंटना कंपाउंडरनं उद्या बोलावलं. वाटेत हालदारबाबू मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही जेवला नाहीत अजून." त्या क्षणी मला रडू फुटलं. खिडकीतून बाहेर बघायचं नाटक केलं, पण त्यांना कळलंच असणार.

त्यांना दाखल करून मी हॉस्पिटलमधूनच कंपनीच्या एस्प्लनेडच्या मुख्य ऑफिसला फोन लावला. पर्सोनेल मॅनेजर सिन्हासाहेब, माझे बॉस.

"सर, वार्षिक तपासणीचा नियम बदलायचाय. रक्ताची तपासणी सगळ्यांचीच झाली पाहिजे. फक्त बीएमआय पंचवीसच्या वर असलेल्यांची नाही."

"मॅडम, तो नियम तुमच्याच नोटवरून झालाय. तीन वर्षांपूर्वी. फाइल माझ्यासमोर आहे. वाचून दाखवू?"

"नको. पाठ आहे मला."

एकच लॅब टेक्निशियन, चारशे माणसं, सुईला घाबरून पळणारे पन्नास. मीच सुचवलं होतं की बारीक लोकांना वगळावं, रांग कमी होईल. रांग कमी झालीही. मला शाबासकी मिळाली होती. त्या नियमानं आमचा ड्रायव्हर पांडे, आखाड्यात घाम गाळणारा अठ्ठ्याऐंशी किलोचा गडी, दरवर्षी सुई टोचून घ्यायचा. त्याचे रिपोर्ट दरवर्षी माझ्या रिपोर्टपेक्षा चांगले यायचे. "मॅडम, माझ्या रक्ताशी तुमचं काय वैर आहे?" असं तो विचारायचा आणि मी त्याला भात कमी करायला सांगायचे.

"मग नव्या नोटमध्ये कारण काय लिहिणार?" सिन्हासाहेबांनी विचारलं.

"जुनी नोट चुकीची होती असं."

"तुमच्या सहीनं?"

"माझ्याच सहीनं."

"पाठवा," ते म्हणाले. "आणि मॅडम, माझंही पोट जरा... माझा बीएमआय तेवीस आहे."

"पट्टा सैल करून ठेवा, सर. सोमवारी टेप घेऊन येते."

नोट मंजूर व्हायला महिना लागणार होता. तोवर थांबायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे लाल वही मागितली. ते पहिल्यांदाच बिचकले.

"देतो, दीदी. पण कुणाची कंबर कुणाला सांगायची नाही. आमच्या धंद्यात ते पाप आहे."

"आमच्याही," मी म्हणाले.

मग चाचा माझ्यासमोर बसले आणि पानं उलटत गेले. बीएमआय नॉर्मल, पण कंबर वाढत चाललेली, अशी चौदा नावं आम्ही काढली. एकेकाला काहीतरी निमित्त काढून दवाखान्यात बोलावलं. पाच जणांना मधुमेह निघाला आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता. घरी गेल्यावर नवऱ्याच्या पोटालाही टेप लावला. "अगं, निदान जेवू तरी दे," तो म्हणाला. आधी मोजलं, मग जेवायला वाढलं. भात कमी वाढला.

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात वजनाच्या काट्याशेजारी कापडी टेप लटकतो. तपासणीच्या आठवड्यात करीमचाचा खुर्ची टाकून बसत. माझ्यासमोर पोट आत ओढून उभे राहणारे बाबू चाचांसमोर निमूट श्वास सोडत. बीएमआय मी अजूनही काढते, टाकून दिलेला नाही. पण त्यावर विसंबून कुणाला परत पाठवत नाही. एवढंच शिकायला मला एमबीबीएसनंतर सत्तावीस वर्षं आणि एक शिंपी लागला.

हालदारबाबूंचा पाय वाचला. करंगळी मात्र वाचली नाही. जंतुसंसर्ग हाडात उतरला होता. सर्जन म्हणाले, आणखी दोन आठवडे गेले असते तर घोट्यापासून कापावा लागला असता. मीही मनात दिवस मोजले. तीन आठवड्यांपूर्वी मी सुई टोचली असती, तर करंगळीही राहिली असती.

अडीच महिन्यांनी ते कामावर रुजू व्हायला आले. फिटनेस सर्टिफिकेट मीच द्यायचं होतं. इन्सुलिन सुरू होतं, साखर आटोक्यात होती, चालताना किंचित लंगडत होते. सोबत बायकोनं केलेली मोच्याची, म्हणजे केळफुलाची, भाजी डब्यात घालून आणली होती. माझ्यासाठी, मासे नसलेली. मी नको नको म्हणत असताना ते स्वतःहून जाऊन वजनाच्या काट्यावर उभे राहिले. तीस वर्षांची सवय. काटा थरथरला आणि थांबला.

एकसष्ट किलो. बीएमआय बावीस पूर्णांक एक. नॉर्मल.

हालदारबाबू आकड्याकडे बघून हसायला लागले. "बघा मॅडम, आख्खं बोट कमी झालं, तरी काट्याला पत्ता नाही."

मला काही हसता येईना. "काट्याला नाही कळत, हालदारबाबू," मी म्हणाले. "मला कळायला हवं होतं."

ते काट्यावरून जपून खाली उतरले. उजवा पाय आधी, मग डावा. डबा माझ्यापुढे सरकवला आणि खिशातून माझ्या सहीसाठी पेन काढून दिलं.

"आता कळलं ना? मग सही करा पटकन. फाटकावर गाड्या खोळंबल्यात."